माडावरून पडलेला भाऊ, कण्यातले सहा स्क्रू आणि लेथवाल्याचे प्रश्न

लेथवाला

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ कुंडईला माझं छोटं वर्कशॉप आहे. २२ वर्षं लेथवर आटे काढतोय. इथे एरवी वाचनमात्र असतो, पण गेला महिनाभर एकच विषय डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढला.

धाकटा भाऊ, वय ३८. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, दोनदा सांगूनही आला नाही, म्हणून हा स्वतःच माडावर चढला आणि वरून सुटला. पायांवर आला, धपकन बसला, तो उठलाच नाही. शेजाऱ्यांनी काखेत आणि ढोपराखाली हात घालून त्याला उचलायची तयारी केली होती. नर्सिंग शिकणारी एक मुलगी धावत आली आणि तिने ओरडून सगळ्यांना थांबवलं. गोठ्याचं फळ्यांचं दार बिजागरीतून काढलं, चौघांनी एका दमात त्याला अख्खा कुशीवर वळवला, दार पाठीखाली सरकवलं आणि १०८ येईपर्यंत कुणी त्याला हलवलं नाही. त्या पोरीचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही.

कमरेचा पहिला मणका, एल-१, फुटला होता. एक तुकडा मागे मज्जारज्जूच्या वाटेत सरकला होता. पायांतली ताकद शाबूत होती, एवढं देवाने राखलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

आता मुद्दा. एक्स-रे खिडकीशी धरून मी अर्धा तास बघत बसलो. दोन रॉड, सहा स्क्रू. वरच्या मणक्यात दोन, खालच्या मणक्यात दोन, आणि फुटलेल्या मणक्यातसुद्धा दोन, ते मात्र आखूड. पलीकडे नट नाही, वॉशर नाही. हाड आतून जाळीदार असतं असं ऐकतो. मऊ ॲल्युमिनियममध्ये आटे मरतात म्हणून आम्ही हेलिकॉइल, म्हणजे तारेचे तयार आटे, बसवतो, आणि इथे स्पंजात स्क्रू फिरवून त्यावर माणूस उभा करायचा? जे मोडलंय त्यातच पुन्हा स्क्रू का? आणि हे किती दिवस टिकेल? डॉक्टरांना विचारलं, ते "मजबूत आहे, काळजी करू नका" म्हणाले. त्यांच्यामागे रांग होती, मी गप्प बसलो. इथे कुणी जाणकार असेल तर समजावून सांगा.

रानवारा

वाचून काटा आला. आमच्या वाळपईकडे पोफळीवरून पडलेल्यांचंही हेच होतं. वाचतोय.

मणकेवाला

लेथवाला दादा, मी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात शिकलो, आता कण्याच्याच शस्त्रक्रिया करतो. तुमच्या भावाचा सीटी मी पाहिलेला नाही, तेव्हा त्याच्या तब्येतीबद्दल बोलणार नाही. त्यातलं यंत्रशास्त्र मात्र सांगतो, कारण तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं होतं.

आधी एल-१ च का, ते बघू. छातीच्या मणक्यांना बरगड्यांचा पिंजरा धरून असतो, तो भाग ताठ. कमरेचे मणके मोकळे, वाकणारे. टी-११ ते एल-२, म्हणजे छातीच्या अकराव्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्यापर्यंत, हा या दोहोंमधला सांधा. कुबडाकडचा बाक तिथे संपतो आणि कमरेचा उलटा बाक सुरू होतो. उंचावरून पायांवर किंवा बुडावर आपटलं की जोर खालून वर चढतो आणि या सांध्यात अडकतो. मणक्याचं शरीर दबतं, आतली चकती वरून पाचरीसारखी घुसते आणि हाड चहूबाजूंनी फुटतं. फ्रान्सिस डेनिसने १९८३ मध्ये कण्याचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन खांब मानले. पुढचा आणि मधला असे दोन्ही खांब गेले की त्याला आम्ही बर्स्ट फ्रॅक्चर म्हणतो.

आता तुमचा स्पंज. मणक्याचं शरीर आतून जाळीदार, हे खरं. पण स्क्रू तिथपर्यंत जातो तो पेडिकलमधून. मणक्याच्या मागच्या कमानीला पुढच्या शरीराशी जोडणारा हा आखूड, जाड देठ, प्रत्येक मणक्याला दोन. त्याच्या भिंती कठीण हाडाच्या असतात. स्क्रू उपटायला जो जोर लागतो, त्यातला सुमारे ६० टक्के विरोध एकटा हा देठ करतो. उरलेला पुढची जाळी आणि पुढची कड मिळून करतात. म्हणून आम्ही देठात बसेल तेवढा जाड स्क्रू निवडतो, साधारण देठाच्या बाहेरच्या रुंदीच्या ८० टक्क्यांपर्यंत. त्याहून जाड घातला तर देठच फाटतो, आणि शेजारून मज्जातंतू जात असतात.

देठात वाट काढताना पहिल्यांदा हाताला काय जाणवतं ते मी विसरलेलो नाही. बोथट टोकाचं हत्यार हळूहळू फिरवत पुढे न्यायचं. आतून ओल्या वाळूत काठी खुपसल्यासारखी बारीक करकर येत राहते. ती येतेय तोवर आपण हाडात आहोत. हात एकदम मोकळा गेला, की थांबायचं. मग गोळीच्या टोकाची बारीक तार घालून चारही भिंती आणि तळ चाचपायचा: वर, खाली, आत, बाहेर, पुढे. पाचही ठिकाणी हाड लागलं तरच स्क्रू. नसांना धक्का लागू नये आणि आट्यांना भिंत मिळावी, ही दोन्ही कामं त्या चाचपण्यात होतात.

फुटलेल्या मणक्यातल्या स्क्रूचं उत्तरही इथेच आहे. शरीर फुटलं तरी देठ बहुतेक वेळा शाबूत असतो. त्यात आखूड स्क्रू बसला, की फक्त वरखाली चार स्क्रू असण्यापेक्षा जोडणी जास्त ताठ होते, प्रत्येक स्क्रूवरचा ताण कमी होतो आणि पुढे झुकलेला कणा सरळ करताना मधून रेटा देता येतो. पूर्वी हे दोन स्क्रू सर्रास घालत नसत. वरचा एक आणि खालचा एक मणका धरून चार स्क्रूंवर काम भागवायचे, आणि काही रुग्णांत महिन्यांनी स्क्रू वाकलेले, कणा पुन्हा झुकलेला दिसायचा.

गणितमास्तर

निवृत्त शिक्षक आहे, डिचोलीचा. डॉक्टरांचं वाचून कागद-पेन्सिल घेतली. लेथवाला, हे तुम्हाला पटेल.

स्क्रू सरळ ओढून उपटताना आट्यांमध्ये अडकलेला हाडाचा नळकांड्यासारखा भाग कापला जातो. त्या नळकांड्याचं क्षेत्रफळ पाय (π) गुणिले बाहेरचा व्यास गुणिले लांबी. ४० मिमी लांबीसाठी व्यास ५.५ मिमी घेतला तर सुमारे ६९१ चौरस मिमी येतं, ६.५ घेतला तर ८१७. म्हणजे उपटण्याला होणारा विरोध बाहेरच्या व्यासाच्या सरळ प्रमाणात वाढतो.

वाकण्याचं गणित वेगळं. तिथे आट्यांच्या आतला गाभा मोजायचा, आणि ताकद गाभ्याच्या व्यासाच्या घनाने वाढते. गाभा ५ चा ६ मिमी केला तर १२५ चे २१६ होतात, जवळपास पावणेदोन पट. रॉडचा ताठपणा तर व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. ५.५ मिमीचा रॉड ६ चा केला की ताठपणा ४० टक्क्यांहून जास्त वाढतो. अर्धा मिलिमीटर ही किती मोठी गोष्ट आहे ते बघा.

मग आटे खोल हवेत की गाभा जाड हवा? बाहेरचा व्यास देठाने ठरवून दिलाय, त्याच्या आत दोन्ही पुरतं मिळत नाही.

लेथवाला

मास्तर, साष्टांग नमस्कार. ही तर आमची रोजची ओढाताण. डॉक्टर, आट्यांचा फोटो शोधून बघितला. आटे लाकडाच्या स्क्रूसारखे आहेत, रुंद पिच, खोल. काही स्क्रूंवर डोक्याकडे बारीक आटे आणि टोकाकडे मोठे दिसले. ते कठीण आणि जाळीदार हाडासाठी वेगवेगळे असावेत ना?

आणि आधी टॅप मारता का, म्हणजे भोकात आटे पाडून घेता का? आम्ही मऊ मालात टॅप एक नंबर लहान ठेवतो, म्हणजे स्क्रू स्वतः माल दाबत जातो.

मणकेवाला

दोन्ही बरोबर ओळखलंत. टॅप आम्हीही साधारण १ मिमी लहान मारतो, त्याच कारणासाठी. ठिसूळ हाडात कधी मारतच नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या हाताला ठाऊक असेल. निमुळत्या गाभ्याचा स्क्रू बसवल्यावर थोडा मागे फिरवला की पकड जाते, कारण मागे येताना गाभा भिंतीपासून सुटतो. म्हणून खोली आधीच मोजून ठेवायची. डोकं हाडात रुतेपर्यंत आवळायचा मोहही टाळायचा. रुतलेलं डोकं देठाचं तोंड चिरतं आणि पकड वाढण्याऐवजी कमी होते.

रॉड स्क्रूच्या डोक्यात बसवून वरून टोपीचा स्क्रू आवळतो, तेव्हा एका हाताने डोकं उलट्या दिशेने धरून ठेवणारा दांडा लागतो. तुम्ही दोन पाने लावता तसंच. नाहीतर आवळण्याचा पीळ थेट हाडात उतरेल. मोजका टॉर्क आला की पाना खट्कन सुटतो. तो आवाज सहा वेळा ऐकल्याशिवाय मी टेबल सोडत नाही.

माडाखाली

मला थोडं वेगळं लिहायचंय, आणि जरा रागाने.

माझी आई ६८ वर्षांची. न्हाणीघरात घसरली, मणका दबला. एका खाजगी हॉस्पिटलात चार स्क्रू घातले. ऑपरेशनआधी हाडांची घनता कुणी तपासली नाही, आम्हाला विचारायचं सुचलं नाही. चौथ्या महिन्यात तिला कूस बदलताना आत काहीतरी हलल्यासारखं वाटायला लागलं. आम्ही "वयाचं दुखणं" म्हणत राहिलो, कारण तिथे आम्हाला तेच सांगितलं गेलं होतं. दुसरीकडे दाखवलं तर वरच्या दोन्ही स्क्रूंभोवती काळी कडी होती. स्क्रू अखंड होते. हाडाने त्यांना सोडलं होतं. पुन्हा ऑपरेशन, या वेळी सिमेंट. आई आता चालते, पण ते मधले महिने तिने आमचं ऐकून सोसले, हे माझ्या मनातून जात नाही.

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी आधी विचारा. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

मणकेवाला

ताई, तुमचा राग रास्त आहे.

तुम्ही लिहिलेली काळी कडी म्हणजे स्क्रूभोवतीचं हाड झिजून झालेली पोकळी. लोकांना वाटतं स्क्रू सरळ मागे उपटून येतो. तसं क्वचितच होतं. माणूस चालतो, वाकतो, तेव्हा स्क्रूचं डोकं रॉडबरोबर किंचित वरखाली होतं. देठाच्या अरुंद जागी त्याला टेकू मिळतो आणि पुढचं टोक उलट दिशेने हलतं. दिवसाला हजारो वेळा. हाड घट्ट असेल तर ते सोसतं. ठिसूळ असेल तर भोक हळूहळू लांबट होत जातं.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. तशा हाडात नुसता जाड स्क्रू पुरत नाही. भोकं असलेल्या स्क्रूमधून हाडाचं सिमेंट भरतात, वरखाली जास्त मणके धरतात, हाड बांधणारी औषधं सुरू करतात. सिमेंटलाही धोका आहे. ते मज्जारज्जूच्या वाटेत किंवा शिरेतून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ते दाट झाल्यावर, एक्स-रेखाली बघत, थोडं थोडं भरायचं. पण हा सगळा विचार ऑपरेशनच्या आधी व्हायला हवा.

लेथवाला

ताई, तुमचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. आज वर्कशॉपमध्ये एक प्रयोग केला.

आमच्या मागच्या पडलेल्या माडाच्या खोडाचा हातभर तुकडा होता. माडाचं खोड बाहेरून लोखंडासारखं, आतून भुसभुशीत, म्हणजे डॉक्टर सांगतात त्या हाडासारखंच. एकाच मापाचे दोन मोठे लाकडी स्क्रू घेतले. एक बाहेरच्या कठीण भागात, एक गाभ्यात. साखळी-कप्पी लावून सरळ ओढले. गाभ्यातला लगेच आला, भुसा घेऊनच आला. कडेचा आलाच नाही, साखळीचा हूक वाकला.

मग कडेला दुसरा स्क्रू बसवला. डोक्याला वीतभर सळई बांधली आणि ती हाताने वरखाली हलवत राहिलो. जोर काहीच नाही, पोराने हलवावं इतकाच. पहिले शंभर हेलकावे काही नाही. तीनशेच्या पुढे तोंडाशी भुकटी दिसायला लागली. पाचशेला भोक अंड्याच्या आकाराचं झालं होतं आणि स्क्रू दोन बोटांनी निघाला. जो साखळीला दाद देईना तो दोन बोटांनी! हातात धरून कितीतरी वेळ उभा होतो.

मग भावाच्या स्क्रूंचं काय? तोही आता घरात चालायला लागलाय.

मणकेवाला

दादा, तुमच्या प्रयोगात एक फरक धरा. माडाचा तुकडा मेलेला होता. भावाचं हाड जिवंत आहे आणि रोज भरून येतंय. ही शर्यत असते: एकीकडे धातू थकतोय, दुसरीकडे हाड जुळतंय. कारखान्यात ही जोडणी तपासतात तेव्हा प्लास्टिकच्या दोन ठोकळ्यांमध्ये मणकाच नाही असं धरून, मधे मोकळी जागा ठेवून, ५० लाख हेलकावे देतात. तरीही न जुळलेल्या हाडात कितीही चांगला रॉड एक दिवस तुटेल. टायटॅनियमला ओरखडा किंवा खाच सोसत नाही, म्हणून रॉड पुन्हापुन्हा वाकवायचा नाही.

धडधाकट कण्यात उभं राहिल्यावर सुमारे ८० टक्के भार पुढच्या भागातून उतरतो. पुढचा भाग फुटला की तोच भार मागच्या रॉडवर येतो, आणि स्क्रू भिंतीतून बाहेर काढलेल्या सज्जाच्या तुळईसारखे वाकायला बघतात. म्हणून पुढे किती हाड शिल्लक आहे ते फार महत्त्वाचं. १९९४ मध्ये मॅकॉर्मॅक आणि सहकाऱ्यांनी याची ३ ते ९ गुणांची मोजणी मांडली: शरीराचा किती चुरा झाला, तुकडे किती पांगले, झुकलेला कणा किती सरळ करावा लागला. गुण ७ किंवा जास्त असतील तर मागच्या चार स्क्रूंवर विसंबू नका, पुढून आधार द्या, असा त्यांचा निष्कर्ष. पुढच्या वेळी तुमच्या डॉक्टरांना हेच विचारा: "पुढच्या भागाचा किती चुरा झालाय आणि ते पुढून भार घेतंय का?" या प्रश्नाला कुणीही वैतागणार नाही.

रानवारा

डॉक्टर, ऑपरेशननंतर कमरेचा पट्टा किती महिने बांधायचा? आमच्याकडे एकाला कडक पट्टा दिला, दुसऱ्याला दिलाच नाही. दुसऱ्याच्या घरचे म्हणतात, आम्हाला फसवलं.

प्राजक्त

मी फिजिओथेरपिस्ट, म्हापशाची. याचं उत्तर मी देते, कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो.

बर्लिनमध्ये रोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक विलक्षण काम केलं. रुग्णांच्या पाठीत बसवलेल्या जोडणीतच भार मोजणारी यंत्रणा बसवली आणि बिनतारी संदेशाने आकडे बाहेर घेतले. त्यातून दिसलं, की पट्टा घातल्याने रॉडवरचा भार म्हणण्यासारखा कमी होत नाही. पट्टा वाकू नको अशी आठवण करून देतो आणि धीर देतो, ते कामही मोठं आहे. तेव्हा ज्यांना पट्टा नाही त्यांना फसवलं असं समजू नका. आणि ज्यांना दिलाय त्यांनी हे वाचून काढून टाकू नका, तुमच्या सर्जनला तुमचं हाड माहीत आहे.

पट्ट्यापेक्षा हातातलं ओझं बघा. १० किलोची पाण्याची कळशी कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरली, आणि पाठीचा स्नायू कण्याच्या मागे ५ सेंटिमीटरवरून ओढतोय असं धरलं, तर नुसती ती कळशी तोलायला स्नायूला ८० किलोची ओढ द्यावी लागते. ती सगळी ओढ कण्याला दाबते. तीच कळशी पोटाशी धरली तर कितीतरी कमी. माझे रुग्ण नळाखालून बादली उचलताना आणि तुळशीपाशी खाली वाकताना पाठ दुखवून घेतात, व्यायाम करताना नाही. लेथवाला दादा, भावाला उठवताना आधी कुशीवर, मग पाय पलंगाखाली, मग हाताच्या रेट्याने वर. सरळ उठून बसायचं नाही. आणि विडी-सिगारेट असेल तर बंद, हाड जुळायला ती आड येते.

गणितमास्तर

प्राजक्त ताई, तरफेचा नियम आठवीच्या मुलांना असाच शिकवायला हवा होता. मी आयुष्यभर फळ्यावर कात्रीच काढली.

लेथवाला

सहा महिन्यांनी लिहितोय, क्षमस्व. ज्यांनी व्यनि करून विचारलं त्या सगळ्यांचा आभारी आहे.

गेल्या आठवड्यात सीटी झाला. या वेळी मी रांगेत गप्प बसलो नाही, मणकेवाला साहेबांनी सांगितलेला प्रश्न विचारला. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि एकेक काप पुढे सरकवत दाखवला. पुढच्या चिरा भरल्यात. मागे सरकलेला तुकडा ऑपरेशनच्या वेळी कणा ताणल्यावर मणक्यांमागच्या अस्थिबंधाच्या ओढीने बराचसा जागेवर गेला होता, तो तिथेच जुळलाय. सहाही स्क्रूंभोवती हाड चिकटून आहे, काळी कडी कुठेच नाही. मी एकेक स्क्रू बोट ठेवून मोजला.

स्क्रू काढायचे की ठेवायचे, ते वर्ष झाल्यावर ठरवू म्हणाले.

भाऊ रोज सकाळी घाटीखालच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतो. सोप्यावर बसून माडांकडे बघतो. काल माझ्याकडे कोयता मागत होता, खालच्या झावळ्या तेवढ्या साफ करतो म्हणून. कोयता वर्कशॉपच्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात. पाडेली परवा येतोय.

माडाखाली ताई, आई कशी आहे?

माडाखाली

बरी आहे. काल तिने स्वतः उठून चहा केला.